खालून पाहिलेला माणूस

“नाव काय होतं रे त्याचं?” लॉजची मालकीण व्हेल्मा हिने काउंटरमागून विचारलं आणि उकडलेल्या अंड्याचं टरफल सोलता सोलता कानामागची पेन्सिल काढली. सकाळचे सव्वासहा झाले होते. मजुरांच्या बस सुटतात त्या अड्ड्यावर ओमाहाची वाट बघत तासभर उभा राहून, एकामागून एक चार बस डोळ्यांदेखत सोडून डीकन नुकताच परतला होता. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्याने हंगामातला दिवस असा वाया घालवला होता. काल रात्री तो लवकर झोपला होता, ओमाहा परतला की नाही हे त्याने पाहिलंही नव्हतं. आता जिना चढायचा, ओमाहाच्या खोलीचं दार बडवायचं आणि त्याला चार शिव्या हासडायच्या, एवढाच त्याच्या डोक्यात विचार होता. व्हेल्माचा प्रश्न त्याला नीट ऐकू आला. त्या प्रश्नातला भूतकाळ मात्र ऐकू यायला वेळ लागला. जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तसं त्याला झालं.

“कोणाचं?”

“आणखी कोणाचं, बाबा? तुझ्या जोडीदाराचं.”

“ओमाहा.”

“ते मलाही ठाऊक आहे. खरं नाव विचारतेय मी.” मग तिने त्याच्याकडे पाहिलं आणि अंडं खाली ठेवलं. “तुला कोणी सांगितलंच नाही? अरे देवा! मला वाटलं, तू तिकडूनच येतोयस.”

तिने सांगितलं ते असं. काल दुपारी पॅकिंगच्या शेड भरल्या म्हणून सगळ्यांना अर्धी सुट्टी मिळाली होती, हे डीकनला माहीतच होतं. ओमाहा तिथून शिकाऊ न्हाव्यांच्या शाळेत गेला. तिथे दाढी फुकट होते, फक्त आपल्या चेहऱ्यावर शिकाऊंना हात बसवू द्यायचा. खुर्चीत बसल्या बसल्या, अर्धी दाढी झालेली असताना त्याचं हृदय थांबलं. न्हाव्याला वाटलं, म्हातारा झोपला. त्याने म्हणे मास्तरांना विचारलं की झोपलेल्या गिऱ्हाइकाची दाढी पुरी करायची की त्याला उठवायचं. खिशात या लॉजची किल्ली सापडली, म्हणून जिल्हा कचेरीचा माणूस रात्री चिठ्ठी टाकून गेला. “शुक्रवारी दुपारपर्यंत ठेवणार आहेत त्याला,” व्हेल्मा म्हणाली. “रक्ताच्या नात्यातलं कोणी येऊन नाव सांगितलं, सही केली, तर नावाची फळी लावून पुरतात. नाहीतर आकड्याची खुंटी. आणि त्याच्याही आधी डॉक्टरकी शिकणारी पोरं...” तिने वाक्य सोडून दिलं आणि अंड्यावर मीठ टाकलं. “तूच सांगू शकशील, डीकन. अकरा वर्षं एका ताटात जेवलात तुम्ही.”

डीकनने तोंड उघडलं. त्याला खरोखरच वाटलं की नाव आत कुठेतरी असणार, अंगरख्याच्या अस्तरात गेलेल्या बटणासारखं, आणि जरा चाचपलं की हाताला लागेल. मग काउंटरवरच्या टरफलांकडे बघत तो उभा राहिला. टरफलं फार पांढरी होती.

नाव विचारायचं नसतं. हंगामामागून हंगाम गाठत हिंडणाऱ्या या माणसांचा हा एकच कायदा होता, आणि कोणी लिहून न ठेवल्यामुळेच तो कोणी मोडत नसे. एखाद्याचं नाव विचारणं म्हणजे तो झोपलेला असताना त्याच्या गाठोड्यात हात घालणं. गाव विचारू नये, बायको होती का विचारू नये, कोणत्या साली काय झालं ते तर मुळीच विचारू नये. जो जे देईल ते घ्यावं. शेकोटीपाशी कोणीतरी काहीतरी हाक मारतो, हाक चिकटते, आणि जुनं नाव चांगल्या बुटांसारखं गुंडाळून तळाशी जातं. डीकनला डीकन म्हणू लागले, कारण पहिल्याच दिवशी घेवड्याच्या ताटलीवर त्याने डोकं लववून प्रार्थना पुटपुटली होती. चर्चमधला सेवेकरी बघा आमचा, म्हणून सगळे हसले होते. त्या दिवसापासून त्याने प्रार्थना सोडली, नाव मात्र राहिलं. ओमाहाची गोष्ट आणखीच सोपी होती. त्याच्या सुटकेसवर ओमाहा शहरातल्या एका हॉटेलची चिठ्ठी चिकटवलेली होती. “आणि गंमत सांगू, गड्या?” तो एकदा म्हणाला होता, “ही सुटकेस मी जुन्या बाजारात घेतली. ओमाहाला मी पाऊलसुद्धा टाकलेलं नाही. तिकडे लोक मला काय म्हणत असतील कोण जाणे!”

डीकन जिना चढला. लॉजच्या खोल्या म्हणजे लाकडी फळ्यांचे कप्पे, आणि फळ्या छतापर्यंत पोचत नसल्यामुळे वर कोंबड्यांची जाळी ठोकलेली. त्या जाळीतून एकमेकांचा खोकला, एकमेकांची स्वप्नं आणि सिगारेटचा धूर बिनदिक्कत ये-जा करत असे. शेजारच्या कप्प्यात राहून माणसाचं काय काय कळतं! ओमाहा डाव्या कुशीवर झोपला की घोरतो, उजव्या कुशीवर झोपला की दात खातो. शनिवारी तो मोजे धुतो. त्याला अंड्याचा पिवळा भाग आवडत नाही. पाऊस येण्याआधी त्याचा गुडघा दुखतो आणि त्याला त्याचा उगाच अभिमान वाटतो. हे सगळं डीकनला ठाऊक होतं, आणि यातलं काहीही कचेरीतल्या कागदावर लिहिता येण्यासारखं नव्हतं.

सुटकेस पलंगाखाली होती. तिला कुलूप नव्हतं, पण झाकण उघडताना डीकनचे कान तापले, आणि जाळीपलीकडून कोणी बघत नाही ना म्हणून त्याने वर पाहिलं. एक बरा सदरा. सुई आणि दोरा. पितळेची कडी, नासपती मोजायची. फळ तिच्यातून आरपार गेलं तर ते अजून लहान, झाडावरच राहू द्यायचं, आणि अडकलं तर तोडायचं. अकरा वर्षांच्या वापराने ती आतून आरशासारखी झाली होती. आणि तळाशी, पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये जपून ठेवलेलं, रंगांच्या दुकानात फुकट मिळतं ते घडीचं पत्रक, ज्यावर रंगांच्या चाळीस चौकटी छापलेल्या असतात. त्यातल्या तेवीस चौकटींवर पेन्सिलीने बारीक खुणा केल्या होत्या. पत्र नाही, फोटो नाही, एक अक्षर नाही. डीकन ते पत्रक गुडघ्यांवर उघडून बसला.

त्या खुणा कशाच्या, हे त्याला ठाऊक होतं. इतर लोक बोलायचे जमिनीबद्दल, कुंपणाबद्दल, स्वतःच्या विहिरीबद्दल. ओमाहाला त्यातलं काही नको होतं. “आपल्या दोघांच्या पायांना चाकं आहेत, लेका,” तो म्हणायचा, “एका जागी बसलो तर गंजून मरू.” त्याला हव्या होत्या मधमाश्या. एक जुना ट्रक आणि त्यावर चाळीस पेट्या. फेब्रुवारीत बदामाच्या बागांकडे जायचं, एप्रिलमध्ये दक्षिणेला संत्र्यांकडे, उन्हाळ्यात डोंगरांवरच्या रानफुलांकडे. रस्ते तेच, गावं तीच. फक्त या खेपेला काम करायला दुसरं कोणीतरी, आणि आपण झाडाखाली टोपी तोंडावर घेऊन पडलेले. प्रत्येक पेटीचा रंग वेगळा हवा, कारण मधमाशी घर रंगावरून ओळखते, असं त्याने कोणाकडून तरी ऐकलं होतं. मग जेवताना, बसमध्ये, शिडी उचलून एका झाडाकडून दुसऱ्या झाडाकडे जाताना रंग ठरायचे. “आज काय?” “फिकट हिरवा.” “फिकट हिरवा झालाय परवा.” “तो वाटाण्याचा होता. हा तळ्याचा.” कधीकधी भांडणही व्हायचं. डीकनला करडा रंग हवा होता, आणि ओमाहा म्हणायचा, “करड्या घरात राहायला मधमाशीने काय पाप केलंय?” हे सगळं कधीच होणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. ते ठाऊक असणं त्यांनी आपसात जपून ठेवलं होतं, एखाद्या आजारी माणसासमोर आजाराचं नाव काढू नये तसं. पण आता पत्रकावरच्या खुणा मोजताना डीकनला दिसलं की शेवटच्या ओळीतल्या करड्या चौकटीवरही एक खूण होती. अगदी फिकट, मान्य केल्याचं कळू नये अशी.

खालून कोणाची तरी बादली जिन्यावर आपटली. डीकनला शेड आठवली.

तीन वर्षांपूर्वीचा जानेवारी. छाटणीचं काम पावसाने थांबलेलं, आणि फळांची खोकी ठोकण्याच्या शेडमध्ये ओमाहा पोत्यांवर तापाने फणफणलेला. दुपारचे दोन असतील. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि ताज्या पाईनच्या फळ्यांचा गोड, कडवट वास होता. डीकन त्याच्या कपाळावर ओला रुमाल बदलत होता. मध्येच ओमाहाने डोळे उघडले आणि अगदी साध्या आवाजात म्हटलं, “डीकन, माझं नाव सांगू का तुला?” अशा वेळी नाव सांगण्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. मागे राहिलेल्याने कोणाला तरी दोन ओळी लिहायच्या असतात. म्हणजे हा मरायला निघाला, असं डीकनला वाटलं, आणि त्याला भीती वाटली. पण भीतीपेक्षाही मोठी होती ती सभ्यता, तो बिनलिखित कायदा. तापात बरळणाऱ्या माणसाचं गाठोडं उघडं पडलं असता आपण तोंड फिरवावं, उद्या बरा झाला की त्याला आपल्यासमोर लाज वाटता कामा नये. “नको,” तो म्हणाला, “झोप तू.” ओमाहाने थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं. “बरं,” तो म्हणाला, आणि कुशीवर वळला. डाव्या. तिसऱ्या दिवशी तो उठून हातोडा मागू लागला आणि दोघांनीही तो विषय पुन्हा काढला नाही. आपण त्याचा मान राखला, या समाधानात डीकनने तीन वर्षं काढली होती. आता पत्रकाची घडी घालताना, जुन्या घडीच्या रेषेवरच ती बसावी म्हणून धडपडताना, त्याला पहिल्यांदा शंका आली की ओमाहाने नाव देऊ केलं नव्हतं, मागितलं होतं. एकदा तरी ते कोणीतरी हाकेत उच्चारावं, एवढंच. आणि आपण दार लावून घेतलं होतं, तेही किती हळुवार हाताने!

जिल्हा कचेरी नऊला उघडली. तळघरात थंडगार ओल होती, बाहेर जुलै असूनही, आणि तिथल्या माणसाने रबरी एप्रनवर हात पुसत विचारलं, “नातेवाईक?” डीकनने नुसती मान हलवली, ती कोणत्या दिशेने हलली हे त्याचं त्यालाच कळलं नाही. चादर दूर झाली. तो चेहरा ओमाहाचा नव्हता. म्हणजे असेलही, पण उजवा गाल गुळगुळीत, कोवळा, कोणातरी शहाण्यासुरत्या शिक्षकाचा असावा तसा, आणि डाव्या गालावर चार दिवसांची पांढरी खुंटं, त्यांत वाळलेल्या साबणाचा एक पापुद्रा. दोन माणसं मध्येच शिवल्यासारखी. डीकन बघतच राहिला आणि मग त्याच्या लक्षात आलं की हा चेहरा त्याने फारसा पाहिलेलाच नाही. जोडीची कामं वाटलेली होती: ओमाहा वर, शिडीच्या टोकावर, झाडाचा शेंडा त्याचा, डीकन खाली, जमिनीवरून हात पोचेल तेवढा घेर त्याचा. नदीकाठची माती काळी, भुसभुशीत, तिच्यात तीनपायी शिडी रुतायची, म्हणून डीकन एक पाय खालच्या पायरीवर रोवून काम करायचा. अकरा उन्हाळे त्याने मान वर केली की दिसले होते ते ओमाहाच्या बुटांचे तळवे.

“पाय बघू का?” तो म्हणाला.

“पाय?” एप्रनवाला हसला. “चाळीस वर्षांच्या नोकरीत असं कोणी मागितलं नाही, बुवा.”

“बुटांसकट आहेत ना?”

“बूट तिकडे पिशवीत आहेत.”

एप्रनवाल्याने पिशवी आणून दिली. डीकनने बूट उलटे केले. डाव्या तळव्याला एका खिळ्याशेजारी भोक, आत खोक्याच्या पुठ्ठ्याची कातरलेली घडी, तिच्यावर अर्धवट छापील नासपतीचं चित्र. उजव्याची टाच बाहेरच्या बाजूला झिजलेली, कारण त्या गुडघ्यावर तो भार टाकत नसे. टाचेच्या खाचेत काळी माती अजून होती. कालच्या झाडाची. “तोच आहे,” डीकन म्हणाला. त्याने बूट जोडीने पिशवीत परत ठेवले.

वरच्या मजल्यावर काचेमागे एक तरुण बाई बसली होती. समोरच्या पाटीवर मिस लिंडक्विस्ट असं लिहिलेलं. तिच्या टाइपरायटरशेजारी बशीत चेरीच्या बिया ओळीने मांडलेल्या होत्या. “बसा ना,” ती म्हणाली. “मयताचे तुम्ही कोण?”

मित्र, असं म्हणायला डीकन तयार होऊन आला होता. मित्राला कुठल्या रकान्यात घालतात याचा तो वाटेत विचार करत होता. “भाऊ,” तो म्हणाला.

“बरं झालं तुम्ही आलात हो. इथे कोणी येतच नाही.” तिने कागद चढवला. “पूर्ण नाव सांगा. त्यांचं.”

टाइपरायटरच्या दांड्या अर्धवट वर उठून थांबल्यासारख्या वाटल्या. खिडकीबाहेर एक माळी पाइपने हिरवळीवर पाणी मारत होता, आणि पाण्याच्या पडद्यात ऊन पडून एक सप्तरंगी तुकडा दिसत होता, लपत होता. डीकनकडे एकच नाव होतं. त्याने ते एकतीस वर्षं वापरलं नव्हतं. बाविसाव्या वर्षी डाकोटातल्या शेतावर आजारी आईला आणि बहिणीला, रांगनाला, मळणीचा हंगाम संपला की येतो असं सांगून तो निघाला होता. हंगाम संपला, दुसरा आला, आणि मग परत न जाण्याचं कारण परत न जाणं हेच झालं. पण ते नाव त्याने मळू दिलं नव्हतं. तुरुंगात एकदा दोन दिवस काढले तेव्हा दुसरंच सांगितलं, पगाराच्या ओळीत डीकनच सांगितलं. कधीतरी त्या वाटेने चालत जायचं, जाळीचं दार ढकलायचं आणि रांगनाने कोण म्हणून विचारलं की ते नाव सांगायचं. ओमाहाच्या मधमाश्यांसारखंच होतं ते. फक्त त्याच्या रंगाबद्दल डीकन कधी कोणाशी भांडला नव्हता.

“साहेब?”

“तोबियास,” डीकन म्हणाला. “तोबियास ब्रेक्के.”

दांड्या खडखडल्या. एका नावाला किती थोडा वेळ लागतो!

“ब्रेक्के! म्हणजे नॉर्वेकडचे की हो तुम्ही! माझी आजी तिकडच्या सरहद्दीवरची. तिचं म्हणणं, नॉर्वेची माणसं बोलायला लागली की हिवाळा संपला म्हणून समजावं.” ती हसली, मग आपण कुठे बसलोय ते आठवून गंभीर झाली. “जन्मस्थळ?”

त्याने सांगितलं. गावाचं नाव उच्चारताना त्याला गवताचा वास आला, पहिल्या थंडीत काळवंडलेल्या गवताचा.

“जन्मतारीख?”

त्याने सांगितली. नोव्हेंबर, आई म्हणायची, तू बर्फाच्या आदल्या दिवशी आलास, सुईण एक दिवस उशिरा निघाली असती तर तुझा जन्मच झाला नसता.

“वडील?” “नुट.” “शिक्षण?” “सहावी. नदी गोठलेली असली की शाळेत जायचा. बारा मैलांवर होती.” ‘जायचा’ हे त्याच्या तोंडून सहज आलं. प्रत्येक उत्तराबरोबर कोणीतरी आतली एकेक वस्तू उचलून दाराबाहेर गाडीत भरत होतं, आणि खोली रिकामी होत जावी तसा त्याचा आवाज मोठा, घुमणारा होत होता. दिवा गेला, टेबल गेलं, खिडकीतली कुंडी गेली.

“आणि आईचं माहेरचं नाव?”

इथे डीकन थांबला. हे त्याने कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं. मुलं आईचं माहेरचं नाव कशाला म्हणतील? पण आई एकदा कणीक मळता मळता, पिठाच्या हाताने खिडकीच्या काचेवर ते लिहून दाखवत होती, कारण रांगनाने विचारलं होतं की तू आई व्हायच्या आधी कोण होतीस. काचेवर पांढरी अक्षरं, त्यांतून दिसणारं शेत. आणि आई हसून म्हणाली होती, बघा, हीसुद्धा मीच. हे दिलं की मागे काही उरत नव्हतं. पण हे न देता ओमाहा पुरा झाला नसता. आईवाचून त्याला तिथे तसंच पडून राहावं लागलं असतं, अर्ध्या दाढीने.

“सोल्हाइम,” तो म्हणाला. “गुद्रुन सोल्हाइम.”

“किती गोड!” ती म्हणाली, आणि टाइप केलं. मग कागद वर सरकवून तिने सहीची जागा दाखवली. “आता तुमचं. अर्जदाराचं नाव.”

आपल्यालाही नाव लागणार याचा त्याने विचारच केला नव्हता. त्याने खिशात हात घातला. बोटांना ओमाहाच्या सुटकेसमधून घेतलेली पितळेची कडी लागली. तिच्यातून त्याचा अंगठा अलगद आरपार गेला.

“ओमाहा,” तो म्हणाला. “ओमाहा ब्रेक्के.”

तिने मान वर केली. “ओमाहा? हे नाव आहे?”

“बापाला ते शहर आवडायचं.”

“गेले होते का कधी?”

“नाही. पाऊलसुद्धा टाकलं नाही.”

ती पुन्हा हसली, या वेळी न थांबता, आणि डीकनलाही हसू आलं. ते सकाळपासूनचं पहिलंच होतं आणि त्याची चव साबणासारखी लागली. त्याने सही केली. अक्षरं मोठी, वाकडी आली, दुसऱ्याच्या हाताने काढल्यासारखी. बाहेर पडताना माळ्याच्या पाण्याचे चार थेंब त्याच्या मानेवर उडाले. आता डाकोटातल्या त्या वाटेने कोणी चालत जाणार नव्हतं. कागदोपत्री तोबियास ब्रेक्के मंगळवारी दुपारी एका खुर्चीत, बेसावध, सुखाने गेला होता, आणि त्याला एक भाऊ होता.

शुक्रवारी पुरलं. डीकन, व्हेल्मा आणि फावडेवाले दोघे. फळीवरचं नाव कोणीतरी छान, गोल अक्षरांत रंगवलं होतं. व्हेल्माने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि म्हणाली, “शोभतंय त्याला. मला उगाच वाटायचं, स्मिथ-बिथ काहीतरी असेल.” परतताना तिने पर्समधून उकडलेलं अंडं काढून त्याच्या हातात ठेवलं. त्याने पिवळा भाग वेगळा केला आणि मग, कोणासाठी केला हे आठवून, तोही खाल्ला.

शनिवारी पहाटे अड्ड्यावर मुकादम यादी घेऊन उभा होता. “काय रे डीकन, एकटाच? जोडीदार कुठाय?” डीकनने मान हलवली. मुकादमाने क्षणभर पेन्सिल खाली घेतली. असं उत्तर त्याने पुष्कळदा ऐकलेलं असावं. “बरं. एक नवा आलाय, वाळवंटाकडून. त्याला घे. वर की खाली?”

“वर,” डीकन म्हणाला.

नवा माणूस पन्नाशीचा होता, कान पुढे आलेले, डोक्यावर शेतकऱ्याची टोपी, आणि बसमध्ये त्याने सगळा वेळ गुडघ्यांवरच्या डब्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. बागेत पोचल्यावर डीकनने त्याला मातीत शिडी कशी रोवायची ते दाखवलं. “पाय इथे ठेवायचा. रुततेय असं वाटलं की ओरडायचं.” मग तो चढला. सातव्या पायरीनंतर पानं संपली. अकरा वर्षं त्या झाडांखाली राबून त्याने हे कधी पाहिलं नव्हतं. बाग बांधाच्या आत, नदीच्या पाण्यापेक्षा खोल वसलेली, आणि पलीकडे बांधाच्या कडेवरून, हिरव्या शेंड्यांच्याही वर, एक मालवाहू बोट संथपणे चालली होती. शेतांवरून, उन्हातून, पाण्याचा थेंबही न दिसता. “गड्या, बोट गेली बघ शेतावरून,” ओमाहा वरून ओरडायचा, आणि खालून डीकन म्हणायचा, “उतर खाली, ऊन लागलंय तुला.” त्याने कधी विश्वास ठेवला नव्हता. बोटीवर एक बाई दोरीवर कपडे वाळत घालत होती. डीकनने हात वर केला. तिने पाहिलं नाही. तो बघत राहिला, बोट शेवटच्या झाडामागे जाईपर्यंत, आणि हातातली नासपती कडीत घालून पाहायचंही त्याला सुचलं नाही.

“अहो, वरचे!” खालून आवाज आला. नव्या माणसाने मान वर केली होती. सूर्य त्याच्या डोळ्यांत होता. त्याला बहुधा बुटांचे तळवे तेवढे दिसत असावेत. त्याला अजून इथलं काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने सरळ विचारलं. “तुमचं नाव काय हो?”

शेजारच्या शिड्यांवरचे हात थांबले. कोणीतरी घसा खाकरला.

“ओमाहा,” डीकन म्हणाला. मग तो शिडीवरून वाकला, इतका वाकला की फांद्यांतून त्याचा चेहरा खालच्या माणसाला दिसावा. शिडी किंचित हलली. खालच्याने घाईने पाय दाबून धरला.

“आणि तुझं?” डीकनने विचारलं. “पूर्ण सांग.”